डॉक, डॉकएक्स, ओडीटी की पीडीएफ? फाइलचा फॉरमॅट निवडायचा आणि बदलायचा कसा

मागे एका लेखसंग्रहाचं संपादन अंगावर घेतलं. लेखक एकतीस, आणि फाइलींचे प्रकार आठ. कुणी वर्डची जुनी फाइल पाठवली, कुणी नवी, कुणी लिब्रेऑफिसची, कुणी मॅकच्या पेजेसची. एकाने पीडीएफ पाठवून वर लिहिलं होतं, "हवे ते बदल करून घ्या." पहिले तीन आठवडे मी संपादन केलंच नाही, फक्त फाइली उघडत होतो. त्यात जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. तुम्ही पहिल्यांदाच या भानगडीत पडत असाल, तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

एक खुलासा आधीच करतो. पुढे "डॉक" म्हणेन तेव्हा नावाच्या शेवटी टिंब आणि तीन अक्षरं असलेला जुना प्रकार समजा. "डॉकएक्स" म्हणजे त्याच्यापुढे एक्स लागलेला नवा. बोलताना लोक दोघांनाही "वर्डची फाइल" म्हणतात आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

हाताशी काय काय लागेल

- मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिब्रेऑफिस. दोन्ही असतील तर उत्तम. लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि जुनाट फाइली उघडण्यात ते अनेकदा वर्डपेक्षा उजवं ठरतं.
- गूगल खातं: गूगल डॉक्ससाठी, आणि स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढण्यासाठी.
- एक साधा टेक्स्ट एडिटर. नोटपॅड चालेल.
- मूळ फाइलींची प्रत ठेवायला वेगळी जागा. ही नसेल तर पुढे वाचूच नका, आधी ती करा.

१. फाइलचं खरं आडनाव बघा

विंडोज नेहमीच्या प्रकारांच्या फाइलींची एक्स्टेंशन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) आपणहून लपवतं. त्यामुळे "लेख अंतिम" नावाच्या दोन फाइली शेजारी दिसतात आणि कुठली डॉक, कुठली डॉकएक्स ते कळत नाही. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू" मेनूत "शो"खाली "फाइल नेम एक्स्टेंशन्स" वर टिक करा. मॅकवर फाइंडरच्या सेटिंगांत "ॲडव्हान्स्ड"मध्ये हीच सोय आहे.

आता नवख्यांची सगळ्यात लाडकी चूक. एक्स्टेंशन दिसायला लागलं की मोह होतो: नाव बदलून डॉकचं डॉकएक्स करून टाकू. असं केल्याने फाइल बदलत नाही. दारावरची पाटी बदलली, घरात माणसं तीच. वर्ड अशी फाइल उघडताना कुरकुर करतं आणि तुम्हाला वाटतं फाइल खराब झाली. नाव पूर्ववत करा, बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते.

पाटीवर विश्वास नसेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण पहिली दोन अक्षरं बघा. रोमन पी आणि के असतील, तर ती आतून झिप (अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं) आहे, म्हणजे डॉकएक्स किंवा ओडीटी (लिब्रेऑफिसची फाइल) असण्याची शक्यता मोठी. ही अक्षरं झिप फॉरमॅट बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं आहेत. महिरपी कंसानंतर आरटीएफ ही अक्षरं दिसली तर ती आरटीएफ (मायक्रोसॉफ्टचाच आणखी एक जुना प्रकार), मग नाव काहीही असो. माझ्याकडे आलेल्या दोन "डॉक" फाइली खरं तर आरटीएफ होत्या. बघून झालं की नोटपॅड बंद करा. सेव्ह करू नका.

२. फाइल कशासाठी हवी ते ठरवा

सगळ्यात चांगला फॉरमॅट कुठला, असं मला हमखास विचारतात. मी उलट विचारतो: फाइल लिहायची आहे, पाठवायची आहे, की ठेवायची आहे?

लिहायची, म्हणजे अजून त्यात फेरफार होणार. तेव्हा तुम्ही ज्या प्रोग्राममध्ये काम करता त्याचाच स्वतःचा फॉरमॅट वापरा. वर्डमध्ये डॉकएक्स, लिब्रेऑफिसमध्ये ओडीटी. लिब्रेऑफिसमध्ये बसून रोज डॉकएक्समध्ये सेव्ह करणं म्हणजे प्रत्येक वेळी एक छोटं भाषांतर करवून घेणं, आणि दर भाषांतरात काहीतरी सांडतं.

पाठवायची असेल तर समोरचा काय करणार ते विचारा. तो त्यात खाडाखोड करणार असेल तर डॉकएक्स. नुसता वाचणार किंवा छापणार असेल तर पीडीएफ.

ठेवायची असेल तर दोन प्रती ठेवा: एक बदलता येईल अशी, एक पीडीएफ. फक्त पीडीएफ ठेवून मूळ पुसून टाकणारी माणसं मला भेटली आहेत. पायरी ७ त्यांच्यासाठीच आहे.

३. कोण कोण आहे ते ओळखून घ्या

*डॉकएक्स.* वर्ड २००७ पासूनचा नेहमीचा फॉरमॅट. २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. ही फाइल आतून झिप आहे, हे एकदा स्वतः करून बघा. प्रत काढा, त्या प्रतीचं एक्स्टेंशन झिप करा आणि उघडा. आत "वर्ड" नावाचं फोल्डर दिसेल. त्यात "डॉक्युमेंट" नावाच्या एक्सएमएल फाइलीत तुमचा मजकूर असतो आणि "मीडिया" फोल्डरात सगळी चित्रं असतात. (होय, मघाशी म्हणालो नाव बदलून काही होत नाही. इथे चालतं, कारण ती मुळातच झिप आहे.) एका लेखकाची फाइल वर्डमध्ये उघडत नव्हती. मी तिच्यातली चौदा चित्रं अशीच बाहेर काढली.

सेव्ह करताना यादीत "स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल" असा पर्याय दिसतो. नाव भारदस्त आहे म्हणून निवडू नका. साधा "वर्ड डॉक्युमेंट" घ्या, तोच सगळीकडे उघडतो.

*डॉक.* वर्ड ९७ ते २००३ चा बायनरी फॉरमॅट. आजही उघडतो, पण त्यात नवीन काम सुरू करायला काही कारण उरलेलं नाही. शिवाय त्यात मॅक्रो, म्हणजे फाइलीतच ठेवलेले छोटे प्रोग्राम, लपू शकतात. डॉकएक्समध्ये मॅक्रो राहत नाहीत, त्यांच्यासाठी डॉकएम हा वेगळा प्रकार आहे. अनोळखी माणसाकडून डॉक किंवा डॉकएम आली तर "एनेबल" बटण दाबण्याआधी थांबा.

*ओडीटी.* ओपनडॉक्युमेंट कुटुंबातला. २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आणि लिब्रेऑफिसचा घरचा फॉरमॅट. वर्डही उघडतं. साधा मजकूर, शीर्षकं, तळटिपा नीट जातात. गुंतागुंतीचे तक्ते आणि मजकुरात तरंगणाऱ्या चौकटी असतील तर जागा हलते.

*आरटीएफ.* मायक्रोसॉफ्टचा १९८७ चा फॉरमॅट, २००८ नंतर त्यात भर पडलेली नाही. "कुठेही उघडतं" म्हणून लोक अजून तोच सुचवतात. माझं मत वेगळं आहे, निदान देवनागरीसाठी. वर्डने बनवलेली मराठी आरटीएफ नोटपॅडमध्ये उघडून बघा. "मराठी" हा शब्द तिथे नसतोच. २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असे पाच आकडे असतात, प्रत्येक अक्षराचा किंवा मात्रेचा एक. शिवाय युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) न कळणाऱ्या प्रोग्रामसाठी प्रत्येक आकड्याला बदली चिन्ह जोडलेलं असतं, बहुधा प्रश्नचिन्ह. म्हणून एखाद्या जुन्या प्रोग्राममध्ये तुमचा लेख नुसत्या प्रश्नचिन्हांचा दिसतो. चित्रं घातली की फाइल बेसुमार फुगते ते वेगळंच. आणि आरटीएफसाठी लोक ज्याच्यावर विसंबून असायचे ते वर्डपॅड विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून गेलं.

*साधा टेक्स्ट.* ना ठळक, ना तळटीप. पण पन्नास वर्षांनीही उघडेल. फक्त एन्कोडिंग (अक्षरं फाइलीत साठवायची पद्धत) यूटीएफ-८ हवं. वर्डमधून "प्लेन टेक्स्ट" म्हणून सेव्ह केलं की एक खिडकी येते आणि तिच्यात "विंडोज डिफॉल्ट" आधीच निवडलेलं असतं. तसंच पुढे गेलात तर मराठी मजकूर जाईल. वर्ड तिथे लाल रंगात इशारा देतं, पण घाईत कोण वाचतो. "अदर एन्कोडिंग" निवडून यादीतून यूटीएफ-८ घ्या.

टेक्स्ट फाइल बिघडलेली दिसली तर घाबरण्याआधी नीट बघा. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा येतो आहे आणि मध्ये विचित्र खुणा आहेत? मग मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि प्रोग्राम ते तीन वेगवेगळी अक्षरं समजून वाचतो आहे, एवढंच. सेव्ह न करता बंद करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगून पुन्हा उघडा. पण फाइलीत नुसती प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर त्या फाइलीतून मजकूर परत येणार नाही.

*पीडीएफ.* १९९३ मध्ये ॲडोबीने आणला, २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक. हा छापील पानाचा डिजिटल अवतार आहे. दीर्घकाळ जपण्यासाठी याचाच पीडीएफ/ए नावाचा प्रकार आहे, त्यात फाँट फाइलीतच असावे लागतात.

४. मूळ फाइली कुलपात घाला

"मूळ" नावाचं फोल्डर करा, आलेल्या फाइली जशाच्या तशा त्यात टाका आणि त्यांना हात लावू नका. काम प्रतींवरच करायचं. दर वेळी मूळ फाइलीपासूनच रूपांतर करा. डॉकची ओडीटी, तिची डॉकएक्स, तिची पुन्हा ओडीटी अशी साखळी केलीत तर प्रत्येक कडीला थोडं थोडं गळत जातं आणि शेवटी कुठे गळलं ते सापडत नाही.

५. आता रूपांतर

*डॉकवरून डॉकएक्स.* वर्डमध्ये जुनी फाइल उघडली की वर "कॉम्पॅटिबिलिटी मोड" लिहून येतं. "फाइल"मध्ये "इन्फो"खाली "कन्व्हर्ट" बटण आहे, पण ते जुन्या फाइलीची जागाच नवीला देतं. मी "सेव्ह ॲज" करून प्रकार "वर्ड डॉक्युमेंट" निवडतो. त्याच खिडकीत जुन्या आवृत्त्यांशी सुसंगतता राखण्याची टिक दिसली तर ती काढा, नाहीतर नाव नवं आणि वागणं जुनं राहतं.

गणिताची सूत्रं असतील तर सावध. जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये लिहिलेली सूत्रं दिसतात, पण वर्डमध्ये बदलता येत नाहीत. सुरक्षेच्या कारणावरून तो एडिटर जानेवारी २०१८ मध्ये काढून टाकला गेला. थोडी असतील तर नव्याने लिहिणं हाच शहाणपणा.

*ओडीटीवरून डॉकएक्स.* लिब्रेऑफिसमध्येच उघडून "सेव्ह ॲज" करा. नंतर ते विचारतं, हाच फॉरमॅट ठेवू की ओडीएफमध्ये (म्हणजे ओडीटीत) करू. पहिलं दाबा.

*गूगल डॉक्स.* "फाइल" मेनूत "डाउनलोड", मग हवा तो प्रकार. सापळा वेगळाच आहे. कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्हचं फोल्डर असेल तर त्यात तुमची गूगल डॉक्स फाइलीसारखी दिसतात. ती पेन ड्राइव्हवर घेऊन काही उपयोग नाही. त्या फाइलीत मजकूर नसतो, फक्त मजकूर कुठे आहे त्याचा पत्ता असतो. मला अशी एक फाइल मेलवर आली होती, आकार एक केबीसुद्धा नाही, आणि लेखकाची खात्री की त्यात बावीस पानं आहेत.

*पेजेस.* वर्डमध्ये उघडत नाही. पाठवणाऱ्यालाच "एक्स्पोर्ट टू" करून वर्ड प्रकारात द्यायला सांगा. त्याला जमत नसेल तर आयक्लाउडच्या वेबसाइटवर ब्राउझरमध्येही पेजेस चालतं.

*ढीगभर फाइली.* लिब्रेऑफिसच्या "फाइल" मेनूत "विझार्ड्स"खाली "डॉक्युमेंट कन्व्हर्टर" आहे. अख्ख्या फोल्डरातल्या वर्ड फाइली तो एका दमात ओडीटी करून देतो, मूळ तशाच ठेवून. कमांड लाइनची भीती नसेल तर पॅनडॉक नावाचं रूपांतराचं साधन बघा. डॉकएक्स आणि ओडीटी दोन्ही वाचतं. जुनी डॉक मात्र वाचत नाही.

"फुकट कन्व्हर्ट करा" म्हणणाऱ्या वेबसाइटींवर कुणाचा मृत्युपत्राचा मसुदा किंवा अप्रकाशित लेखन चढवू नका. वरच्या साधनांनी तेच काम तुमच्या मशीनवर होतं.

६. देवनागरीचं वेगळं प्रकरण

पहिली चाचणी: मजकूर निवडा आणि फाँट बदलून मंगल किंवा निर्मला यूआय करा. अक्षरं मराठीच राहिली तर तो युनिकोड आहे, सुटलात. रोमन अक्षरांचा काला दिसला तर मजकूर जुन्या फाँटात आहे. कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत फाइलीमध्ये "क" साठवलेला नसतोच. तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्याचं चित्र "क" सारखं काढतो. डॉकचं डॉकएक्स केल्याने यात काडीचा फरक पडत नाही. त्याला युनिकोड कन्व्हर्टर लागतो, आणि तोही त्याच फाँटासाठी बनलेला. म्हणून आधी फाँटाचं नाव टिपून ठेवा, मगच पुढचं.

मजकुरात मध्ये मध्ये इंग्रजी शब्द असतील तर सगळं एकदम कन्व्हर्टरमध्ये ओतू नका, त्या शब्दांचाही काला होईल. वर्डच्या "फाइंड"मध्ये फाँटावरून शोधता येतं, त्याने फक्त मराठी भाग वेगळा काढा. नंतर ऱ्हस्व वेलांटी, रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांनी तपासा. चुका बहुतेक तिथेच दबा धरून बसतात.

युनिकोड असूनही एक चकवा उरतो. वर्ड फाइलीच्या आत रोमन अक्षरांसाठी एक फाँट आणि आकार साठवतं, देवनागरी-अरबीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. ठळकपणासुद्धा वेगळा. म्हणून एका प्रोग्रामात १६ चं ठळक दिसणारं शीर्षक दुसरीकडे १२ चं साधं दिसू शकतं. लिब्रेऑफिसच्या "ऑप्शन्स"मध्ये भाषांच्या पानावर "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" चालू करा, म्हणजे दोन्ही आकार हातात येतात. आणि शीर्षकं हाताने मोठी न करता "हेडिंग" स्टाइल लावा. मग एका ठिकाणी दुरुस्त केलं की सगळीकडे होतं.

समोरच्याकडे तुमचा फाँट नसेल तर पानांची संख्या बदलते. वर्डच्या "ऑप्शन्स"मध्ये "सेव्ह"खाली फाँट फाइलीत बसवण्याची सोय आहे. लिब्रेऑफिसमध्ये ती "प्रॉपर्टीज"च्या "फाँट" पानावर आहे.

७. पीडीएफमधून परत येताना

वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट उघडतं. इंग्रजी मजकूर बऱ्यापैकी निघतो. मराठीच्या बाबतीत मी इथेच तोंडावर आपटलो. तो "हवे ते बदल करून घ्या" वाला लेख मी वर्डमध्ये उघडला. वरवर छान दिसला, पुढे सरकवला. दुसऱ्या प्रुफाच्या वेळी एका ठिकाणी "निर्णय" शब्द बदलायचा होता म्हणून शोधला. एकदाही सापडला नाही. अख्खा लेख निर्णयप्रक्रियेवर होता!

झालं होतं असं. पीडीएफला शब्दांशी देणंघेणं नसतं, पानावर कुठला आकार कुठे काढायचा ते त्याला माहीत असतं. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये साठवली जाते अक्षराच्या नंतर. पीडीएफमधून काढताना ती दिसते त्या क्रमाने आली आणि रफारही भलत्या जागी बसला. डोळ्याला जवळपास तेच, शोधायला गेलं तर शून्य. तो लेख आम्ही पुन्हा टाइप केला.

म्हणून आधी लेखकाकडे मूळ फाइल मागा, दोनदा मागा. नसेलच, तर ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा, किंवा टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम वापरा, त्याला मराठी येते. घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल होते, ती वाचून काढावी लागते. पण निदान शब्द खरे शब्द असतात.

पुढच्या माणसावर ही वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर लिब्रेऑफिसमधून पीडीएफ काढताना "हायब्रिड पीडीएफ" ची टिक करा. मूळ ओडीटी त्या पीडीएफच्या पोटातच राहते. लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा बदलता येते, इतरांना साधी पीडीएफ दिसते.

८. तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका

जुनी आणि नवी फाइल शेजारी उघडा. सगळं वाचायची गरज नाही. तळटिपा मोजा. सर्वांत गुंतागुंतीचा तक्ता बघा. शेवटचं पान बघा. एक अवघड शब्द शोधून बघा, वेलांटी आणि रफार दोन्ही असलेला.

बाहेर पाठवत असाल तर "ट्रॅक चेंजेस" मधले बदल स्वीकारून किंवा नाकारून टाका आणि कॉमेंट काढा. नुसते लपवले तर समोरच्याला एका क्लिकवर दिसतात. वर्डमध्ये "इन्फो"खाली "इन्स्पेक्ट डॉक्युमेंट" आहे, ते लेखकाचं नाव वगैरे मागे राहिलेलं दाखवतं.

आणि पुस्तक छापून हातात येईपर्यंत "मूळ" फोल्डर पुसू नका. आमच्या संग्रहातल्या एका लेखाच्या चाळीस तळटिपा नव्या फाइलीत एकोणचाळीस झाल्या होत्या. चाळिसावी तक्त्यातल्या एका चौकटीत होती आणि रूपांतरात गळली. मोजल्या म्हणून कळलं, मूळ फाइल होती म्हणून मिळाली.